कुंपणाबाहेर

चर्चवर वारसास्थळाची पाटी लागल्यापासून ओरेस्टकाकाचे पाय जमिनीला लागत नव्हते. समितीचा अध्यक्ष ना तो! घुमटांना नवा रंग, नवं कुंपण, आणि पर्यटकांच्या बसगाड्यांसाठी खडी टाकलेली भलीमोठी जागा. गावात आता कुणी राहत नाही, पण पार्किंग झकास आहे.

ईस्टरनंतरच्या रविवारी पाद्री थडग्याथडग्यावर पवित्र पाणी शिंपडतो आणि मेलेल्याचं नाव घेऊन प्रार्थना म्हणतो. त्यासाठीच आई आली होती, पण बाबांच्या थडग्यापाशी नव्हे. माझ्याआधी तिला एक मुलगा झाला होता. बाप्तिस्म्याआधीच गेला, म्हणून तेव्हाच्या पाद्रीने त्याला उत्तरेला, कुंपणाबाहेर पुरायला लावलं. वर ना दगड, ना क्रूस. बाबा असेपर्यंत हा विषय घरात निघाला नाही. आता एकदा तरी त्याच्यावर पाणी पडावं, एवढंच तिला हवं होतं.

मी गाडी लावली. आई उतरेना.

"लेस्या, गाडी काढ इथून."

"का गं?"

"काढ म्हणते ना!"

मग माझ्या लक्षात आलं. उत्तरेची बाजू हीच.

ओरेस्टकाका हात हलवत आला. "वहिनी, कशी झालीय जागा? नुसतं गवत माजलं होतं इथे!"

"माझा मुलगा होता इथे."

काकाचा चेहरा उतरला. "कुणी सांगितलंच नाही, वहिनी."

"विचारलंस कुणाला?"

मला त्याची कीव आली नाही. पाद्री तरुण होता, बोलावल्याबरोबर आला. आई गाडीतून उतरली, खडीवर इकडेतिकडे फिरली, तिने वाकून पाहिलं. जुनं कुंपणच नाही म्हटल्यावर खूण कशाची धरणार?

"सगळीकडेच शिंपडा, फादर," ती शेवटी म्हणाली.

त्याने शिंपडलं, गाड्यांच्या चाकांवरही. मग हळूच विचारलं, "बाळाचं नाव?"

"ठेवू दिलं नाही तुमच्या लोकांनी."

पाद्रीने मान खाली घातली. "मग आज ठेवा, आजी. तुम्ही म्हणाल त्या नावाने प्रार्थना म्हणतो."

मागे एक बस येऊन थांबली होती.

"एकसष्ट वर्षांचा असता तो, फादर," आई म्हणाली. "एवढ्या मोठ्या माणसाला आता मी काय नाव देऊ?"