बोनलेस

लोकांना हाड नकोसं झालं, तिथून सगळं बिघडलं. पूर्वी घरोघर अख्खी कोंबडी जायची. मुंडी, पाय, कातडी, काही वाया जायचं नाही. आता काय, तर म्हणे बोनलेस! मग दात तरी कशाला ठेवलेत तोंडात?

कारखान्यात तो दिवसभर कोंबड्यांच्या छातीचं मांस सोलायचा. उरलेलं अर्धं जनावर त्याचा मेहुणा टेम्पोत भरायचा आणि बहिणीच्याच घरामागच्या जुन्या दगडखाणीत ओतायचा. ओढा नासला, वास घरात शिरला. त्या ढिगावर मरतुकडी कुत्री पोसली आणि वर्षभरात वासराएवढी झाली. त्यांनी शेजारणीची शेळी फाडली, तेव्हा बायको म्हणाली, "शेळी गेल्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो."

"मग काय, काम सोडून घरी बसू?" तो खेकसला.

मेहुण्याची एक पद्धत होती. खाणीशी पोहोचला की दोनदा लांब हॉर्न द्यायचा. कुत्री एका बाजूला गोळा व्हायची, चाकाखाली यायची नाहीत. हॉर्न वाजला की जेवण, हे त्यांच्या अंगवळणी पडलं.

त्या दुपारी तो जेवायला घरी आला होता. मेहुण्यालाही भूक लागली. भरलेला टेम्पो त्यानं बहिणीच्या दारात उभा केला आणि भाचीला बोलवायला, हाताच्या सवयीनं, दोनदा लांब हॉर्न दिला.

"मामा आला!" म्हणत पोर अंगणात धावली. खाणीकडून कुत्रीही धावली.

किंकाळी ऐकून तो उष्ट्या हातानं बाहेर आला. पोरीची मांडी एकाच्या जबड्यात, दंड दुसऱ्याच्या. कमरेची सुरी उपसून त्यानं पहिल्याच्या नरड्यात खुपसली. ऊन रक्त तोंडावर उडालं. तिसऱ्यानं त्याच्या पोटरीचा लचका तोडला. बायकोनं फावड्यानं एकाचा कणा मोडला, तरी दंड धरलेलं सोडेना. एक पडलं की दोन पुढे येत होती. आता पोर जाते!

"टेम्पोचा फाळका पाड!" तो मेहुण्यावर ओरडला.

"दाजी, इथे? अंगणात?"

"पाड रे भाड्या!"

मुंड्या, आतडी, कातडीचा ढीग धबाधबा अंगणात कोसळला. कुत्र्यांनी पोरीला सोडलं आणि ढिगावर तुटून पडली. बायकोनं पोरीला चादरीत गुंडाळलं, टेम्पोत घातलं. दवाखान्यात टाके घालायला संध्याकाळ झाली. पोर वाचली, पायही वाचला.

तिचे कपडे न्यायला तो लंगडत एकटाच घरी आला. अंगण चाटूनपुसून साफ झालं होतं. मेलेल्या दोन कुत्र्यांची नुसती हाडं उरली होती. बाकीची उंबऱ्यावर, ओट्यावर, पोट फुगवून पसरली होती. त्याला बघताच सगळी उठली आणि शेपट्या हलवायला लागली.

त्यानं सुरी काढली. एकही पळालं नाही.