लेखी नकार

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी आठवड्यातून तीनदा डायलिसिस सांगितलं, सरकारी दवाखान्यात मिळायचं एकदाच. दुसरं मशीन होतं, पण कुलपात. मोठ्या अधिकाऱ्यांसाठी राखीव! भाऊ डोळ्यांदेखत सुजत चालला होता आणि मी लोकांचे ब्लाउज शिवत होते. नुसता संताप संताप व्हायचा.

शेवटी एका वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "कायदा आपल्या बाजूने आहे, ताई. जगण्याचा हक्क घटनेत आहे, आणि उपचाराशिवाय जगणं कसलं? आरोग्य हा हक्क आहे, असं मानणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारावर सरकारने सहीसुद्धा केलीय. पण ते नाही म्हणाले, याला पुरावा काय?"

पुरावा कुठला? दवाखान्यात सगळे नकार तोंडी. मग मीही हट्टाला पेटले. रोज हेडक्लार्कसमोर उभी राहायचे. "साहेब, नाही तर नाही. तेवढं लिहून द्या." पहिल्या दिवशी तो हसला, तिसऱ्या दिवशी जेवायला म्हणून सटकला. सहाव्या दिवशी मी ब्लाउज घेऊन तिथेच बाकावर हुक लावत बसले. शेवटी वैतागून त्याने खरडलंच: 'दुसरे यंत्र राखीव आहे. उपचार ही सवलत असून हक्क नाही.' वर शिक्काही हाणला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा!

कोर्टात न्यायाधीशांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग सरकारी वकिलांना विचारलं, "तुरुंगातला कैदी आजारी पडला तर?"

"उपचार करावेच लागतात, साहेब."

"मग या माणसाने आधी गुन्हा करून यायचं का?"

कोर्टात खसखस पिकली. मला मात्र रडूच फुटलं. निकाल लगेच झाला: कुलूप आजच काढा, उपचार हा हक्क आहे, गरज असलेल्या कुणालाही तो नाकारता येणार नाही.

संध्याकाळी खोली उघडली तेव्हा बाहेर अकरा पेशंट होते. पहिलं नाव भावाचं. त्याने शेजारच्या धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांकडे पाहिलं आणि नर्सला म्हणाला, "सिस्टर, यांना आधी घ्या. मला उद्या चालेल का?" तिने त्याला तपासून होकारार्थी मान हलवली.

मी भडकले. "अरे, उद्याची काय खात्री?"

"ताई, तूच मिळवून दिलीस की!"

वर्षभरात आमच्या घरात 'उद्या' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.