कासारबंदरच्या पानावरची ओळ

आरे-वारेच्या पुढे, खाडीच्या तोंडाशी कासारबंदर ही मच्छीमारांची वाडी. तिथली रुचिरा रत्नागिरीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि हौसेने इंटरनेटवरच्या मराठी विश्वकोशात लिहायची. वाडीचं पान तिनेच सुरू केलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर खाडीत मेलेले मासे तरंगू लागले. पाण्याचे नमुने तपासायला गेले, पण अहवाल येत नव्हता. अशात एका दुपारी तिला पानावर नवी ओळ दिसली : ‘खाडीत विष टाकण्याचे काम येथील महिपत यांनी केले.’ लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

महिपतकाका तिच्या घरापासून चार घरं सोडून राहत. पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकून मिळेल त्या मासळीवर जगणारा एकटा माणूस. रुचिराने ‘संदर्भ नाही’ असा शेरा देऊन ओळ काढली.

दोन-तीन दिवसांनी ओळ परत आली, आता संदर्भासकट. एका स्थानिक पोर्टलवर बातमी होती, ‘खाडीत विष : संशयाची सुई महिपतवर’. रुचिराने ती दोनदा वाचली. बातमीतलं वाक्य शब्दन् शब्द पानावरचंच होतं. तिने काढण्याआधीच ती ओळ पोर्टलने उचलली होती, आणि आता तीच बातमी पुरावा म्हणून पानावर लावली होती.

तिने ओळ पुन्हा काढली. थोड्याच वेळात विश्वकोशातल्या तिच्या चर्चापानावर, जिथे कुणीही तिला लिहू शके, निरोप आला : ‘लाल फाटकाचं घर ना? बाबा सकाळी जेटीवर एकटेच असतात. ओळ राहू दे.’

लाल फाटक तिच्याच घराचं होतं. तिने उठून आधी दार लावलं. मग निरोप बाबांना वाचून दाखवला.

“तू ह्यात पडू नको गो,” ते म्हणाले. “आपल्याला हितंच ऱ्हायचाय.”

“बाबा, उद्या तुमचं नाव लिहिलं तर?”

तिने विश्वकोशाच्या प्रचालकांना, म्हणजे देखरेख करणाऱ्यांना, सगळं कळवलं आणि कुणालाही बदल करता येऊ नये म्हणून पानाला कुलूप लावायची विनंती केली. उत्तर यायच्या आतच बाहेर आरडाओरडा ऐकू आला.

महिपतकाकांच्या घरापुढच्या खळ्यात माणसं जमली होती. वाडीतला सोनू मोबाइल उंचावून बातमी वाचत होता. कुणीतरी पाग ओढून फाडला होता. काका पडवीच्या खांबाला पाठ लावून उभे होते.

“थांबा,” रुचिरा म्हणाली. गलबल्यात कुणी ऐकलं नाही, म्हणून पुन्हा म्हणाली. “ही ओळ आधी आमच्या पानावर आली. बातमी नंतरची आहे. पानावरच्या प्रत्येक बदलाची वेळ नोंदली जाते. ही बघा, ती कुणी बदलू शकत नाही. बातमीवाल्याने चौकशी केलेली नाही, त्याने नक्कल केली आहे.”

तिने मोबाइल पुढे केला. सोनूने तो घेतला, दोन्ही तारखा पाहिल्या.

“मग पयला लिवला कोणी?” त्याने विचारलं.

जो तो शेजारच्याकडे बघू लागला. रुचिराही एकेक चेहरा पाहत गेली. सगळे ओळखीचे, लहानपणापासूनचे. यातलाच एक लाल फाटकाबद्दल लिहून गेला होता, आणि तिने काय केलं ते त्याने आता समोर उभं राहून पाहिलं होतं.

माणसं हळूहळू पांगली. संध्याकाळपर्यंत पानाला कुलूप लागलं. मेलेल्या माशांबद्दल तिथे रुचिराने सुचवलेलं एकच वाक्य उरलं : ‘मासे मेल्याचे कारण अद्याप स्पष्ट नाही.’ पोर्टलनेही गाजावाजा न करता बातमी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी महिपतकाका फाटकाशी आले. आत यायला तयार नव्हते.

“माजा नाव आता कुठंच नाय ना गो?”

“पानावर नाही, काका. बातमीतही नाही.”

“आणि लोकांच्या मोबाइलात?”

रुचिराने फाटक उघडून धरलं. काका खाडीकडे न जाता घराकडे वळले.