वर केला, वर केला होता

"ताई, बस एकदा नजर मारून द्या ना. उन्मेष सर वाट बघतायत," म्हणत प्रियंकानं कागद पुढे केला.

शैलजानं चष्मा लावला. सकाळी सात नंबरचे आजोबा पलंगावरून पडले होते. मनगट मोडलं. पलंगाचा कठडा खालीच होता, असं म्हणत त्यांचा मुलगा ऑफिसात भांडत बसला होता. वॉर्ड प्रियंकाकडे होता, म्हणून काय घडलं ते तिनंच इंग्रजीत लिहून द्यायचं होतं.

चौथ्या ओळीवर शैलजा थांबली. 'व्हेन द पेशंट फेल, आय रेज्ड द साइड रेल.' पेशंट पडला तेव्हा मी कठडा वर केला. म्हणजे पडल्यावर! 'हॅड रेज्ड' हवं होतं, वर केला होता. आणि तो वरच होता. आजोबा त्याच्यावरून पाय टाकून उतरायला गेले, हे शैलजानं दारातून स्वतः पाहिलं होतं.

पेन तिच्या खिशातच होतं.

या हिंदीभाषी शहरातल्या अन्नपूर्णा भागातल्या नर्सिंग होममध्ये तिला एकोणीस वर्षं झाली होती. तिचे वडील मिलमध्ये कारकून. रोज संध्याकाळी ते तिच्याकडून 'गो, वेंट, गॉन' घोकून घेत. लिहिताना तिचा काळ कधी चुकला नाही. बोलताना मात्र आधी मनात वाक्य जुळवावं लागे, आणि तोवर समोरचा हिंदीवर आलेला असे. प्रियंका तीन वर्षांपूर्वी आली. धडाधड चुकीचं बोलायची आणि सगळ्यांना आवडायची. बाहेरचे डॉक्टर आले की नर्सिंग होम चालवणारे उन्मेष सर म्हणत, "प्रियंका को बुलाओ." आता इन्चार्जची जागा रिकामी होती आणि दोघींचीच नावं होती. तेव्हापासून प्रियंकाचं हसणंसुद्धा शैलजाला टोचत होतं.

"बरोबर आहे ना?"

"ठीक आहे," शैलजा म्हणाली.

"तुम्ही आहात तर टेन्शनच नाही मला!" प्रियंका कागद घेऊन पळाली.

तासाभरानं उन्मेष सरांनी दोघींना बोलावलं. आजोबांचा मुलगा चौथ्या ओळीवर बोट ठेवून बसला होता. "खुद लिख के दिया है इन्होंने. गिरने के बाद ऊपर किया."

"नाही सर, आधीच केला होता! कसम से!" प्रियंका रडवेली होऊन म्हणाली.

"मग इथे असं का लिहिलंस? तुझी सही आहे. चौकशी होईपर्यंत घरी बस तू," सर म्हणाले. मग शैलजाकडे वळले. "तुम्ही वाचलं होतं का हे?"

"ताईंची गलती नाहीये, सर," प्रियंका मध्येच म्हणाली. "मीच घाईघाईत दाखवलं. त्यांना वाचायला टाइमच दिला नाही."

शैलजाला खाली बघवेना, वर बघवेना.

"दिला होता," ती म्हणाली. "कठडा वर होता, सर. मी पाहिलंय. आणि ही चूकही मला तेव्हाच दिसली होती."

"मग सांगितली का नाही?"

 शैलजानं एक कोरा कागद मागून घेतला आणि उभ्यानंच इंग्रजीत लिहिलं: पेशंट पडला, त्याआधी सिस्टर प्रियंकानं कठडा वर केला होता. तिच्या रिपोर्टमधली चूक मी वाचली होती. मी तिला सांगितली नव्हती. खाली सही केली. एकही क्रियापद चुकलं नव्हतं.

मुलानं तो कागद दोनदा वाचला. "ठीक है," एवढंच म्हणून उठला. प्रियंकाला घरी बसावं लागलं नाही. इन्चार्जचं कोणी काही बोललं नाही, पण ते काय होणार हे शैलजाला कळून चुकलं होतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये प्रियंका ओढणीनं डोळे पुसत उभी होती.

"एकच शब्द होता ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मला तो येत नाही, म्हणून तर तुमच्याकडे आले होते."

शैलजा काही बोलणार, तेवढ्यात वॉर्डमधली घंटी वाजली. ती सवयीनं वळली.

"राहू द्या. मी बघते, सिस्टर," म्हणून प्रियंका निघून गेली.

एकोणीस वर्षांत हजारो माणसांनी शैलजाला सिस्टर म्हटलं होतं. प्रियंकानं आज पहिल्यांदाच म्हटलं.