ओहोटीचं पाणी

ईशा मयेकरला आपलं चित्र टाकायची घाई झाली होती, आणि त्या ग्रुपचा नियम असा, की आपलं एक चित्र टाकायचं तर आधी दुसऱ्यांच्या दोन चित्रांवर अभिप्राय द्यायचा. नुसतं 'छान' किंवा अंगठा चालत नाही. काय जमलंय, काय बिघडलंय, ते कारणासकट लिहावं लागतं. नियम करणाऱ्याने भल्या मनाने केला होता. पण भल्या नियमातूनही माणूस आपल्याला हवी तेवढी वाट काढतोच.

ग्रुपातली सगळी माणसं हौशी. कुणी सांगलीच्या बँकेतला कारकून, कुणी नागपूरची शाळामास्तरीण, बाकी कॉलेजातली पोरं. जुन्या व्हिडिओ गेममध्ये असायची तशी, बारीक बारीक चौकोनांनी भरलेली चित्रं काढायची आणि एकमेकांना दाखवायची, हा सगळ्यांचा नाद. ईशा दिवसभर रत्नागिरीत एका दुकानात लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचे फ्लेक्स बनवायची. गल्लोगल्लीच्या भावी पुढाऱ्यांच्या गालावरचे डाग पुसून तिचा हात चांगलाच बसला होता. संध्याकाळी पूर्णगडच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली की ती मोबाईल काढायची आणि उतरेपर्यंत चौकोन भरत बसायची.

यंदा पुण्यातली तीन मुलं मिळून एक छोटा गेम करत होती. त्यात त्यांना कोकणातलं एक बंदर हवं होतं. ग्रुपातलं सगळ्यात सरस चित्र ते घेणार होते, आणि गेम सुरू होताना काढणाऱ्याचं नाव पडद्यावर येणार होतं. ईशाला ते नाव हवं होतं. पाच वर्षं ती दुसऱ्यांची नावं हातभर अक्षरांत छापत आली होती. वाढदिवस उलटला की ते फ्लेक्स कुणाच्या तरी गोठ्यावर ताडपत्री म्हणून जात. एकदा तरी आपलं नाव टिकेल अशा जागी लागावं, असं तिला वाटत होतं. त्यात गैर काही नव्हतं.

पहिला अभिप्राय तिने पटकन उरकला. कुणाच्या तरी माडाला झावळ्या कमी होत्या, त्याला चार वाढवायला सांगितल्या. दुसऱ्यासाठी तिने यादीतलं वरचंच चित्र उघडलं, आणि तिचा अंगठा थांबला.

चित्र कुणा फहादचं होतं. नावापुढे 'दोहा' लिहिलेलं. खाली दोन ओळी: 'आमच्या पूर्णगडची खाडी. मोबाईलवर बोटाने काढली आहे, आठवणीतून. चुका सांगा.'

मागे किल्ल्याची काळी रेघ. पुढे चिखल, आणि चिखलात एका कुशीवर कललेली निळी होडी, काठाला पिवळा पट्टा. उचललेल्या बाजूला, होडीच्या पोटाखाली, एक माणूस बसून बूड खरवडतोय. माणूस म्हणजे दहाबारा चौकोन, तेही पाठमोरे. आणि मागे हटलेलं पाणी! हिरवट, गढूळ, चिखलाला जिथे टेकतं तिथे एक बारीकशी चकाकती रेघ. ईशा चार महिने निळ्यात निळं मिसळत होती आणि तिला पाणी जमत नव्हतं. ह्या माणसाला ते तीन रंगांत जमलं होतं.

तिच्या पोटात दुखलं, अगदी सरळ दुखलं. हे चित्र राहिलं तर आपलं लागत नाही, एवढं तिला एसटी वाटेतल्या पावस गावाला पोचायच्या आत कळून चुकलं होतं. गावच्या मोहल्ल्यातली अर्धी माणसं आखातात. हा कुणाचा, ते तिला ठाऊक नव्हतं आणि तिने विचारलंही नाही. आधी तिने चित्राचा स्क्रीनशॉट काढून ठेवला, पाण्याचे रंग नंतर बघायला. मग लिहिलं:

'प्रयत्न चांगला आहे. पण मी स्वतः पूर्णगडची आहे, माझ्या वडिलांची होडी आहे, म्हणून सांगते. होडी अशी आडवी पडलेली नसते, सरळ उभी असते. तुमचा तोल चुकला आहे. खालच्या माणसालाही काही अर्थ नाही, चिरडला जाईलसं वाटतं. होडी सरळ करा आणि माणूस काढा.'

होडीबद्दल लिहिलेला शब्दन् शब्द खोटा होता आणि ते तिला चांगलं माहीत होतं. अमावास्येच्या उधाणानंतर ओहोटीला पाणी खूप मागे हटतं, तेव्हा पूर्णगडच्या होड्या अशाच एका कुशीवर निजवतात आणि बुडाला चिकटलेले शिंपले खरवडून काढतात. पुढच्या ओहोटीला दुसरी कूस. तिचे वडील सखाराम हेच करत म्हातारे झाले होते. लहानपणी ती स्वतः त्या पोटाखालच्या सावलीत बसून बिस्किटं खायची.

पण ग्रुपातल्या सांगलीकराला हे कुठून ठाऊक? गावचीच मुलगी सांगते म्हटल्यावर त्याने मान डोलावली. नागपूरच्या बाईंनाही माणूस खटकायला लागला. तासाभरात अकरा जणांनी फहादची होडी सरळ करायला सांगितली. कुंपणच शेत खायला उठल्यावर राखण कोण करणार?

दुसऱ्या दिवशी फहादचं उत्तर आलं.

'ताई, आभारी आहे. तुम्ही तिथेच राहता, तुम्हीच बरोबर असणार. मला येऊन सहा वर्षं झाली. अब्बा होडीखाली बसायचे असं डोक्यात पक्कं बसलं होतं. पण तुम्ही म्हणता तेही खरं, उभ्या होडीखाली माणूस बसेल कसा. मीच काहीतरी भलतं धरून बसलो होतो. काढून टाकलं. जुनं राहिलं नाही, मोबाईलमध्ये जागा नसते, त्यावरच नवं केलं; ग्रुपातलंही पुसलं.'

खाली नवं चित्र. होडी काठीसारखी ताठ, तिच्याखाली कुणी नाही.

ईशाने ते वाचलं, मोबाईल पर्समध्ये टाकला, आणि एसटीच्या खिडकीची काच विनाकारण वर केली, खाली केली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "गो, एक कायतरी ठरव. वारा लागतो."

तिने पाणी पुन्हा भरून आपलं बंदर टाकलं, आणि आठ दिवसांनी निकाल लागला. ईशाचं बंदर निवडलं गेलं. पुण्याच्या मुलांनी लिहिलं, 'विशेषतः पाणी अप्रतिम.' पहिलं अभिनंदन फहादचं होतं. तेवढं वाचून तिने बाकीची वाचलीच नाहीत. हवं ते हाती आलं होतं, आणि धरवत नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही उगाच नाही.

त्या रविवारी अमावास्या. सखारामने होडी निजवली होती आणि बुडाशी बसून खरवडत होता. टेकू सरकू नये म्हणून खाली दगड लावायला त्याने ईशाला हाक मारली. दगड लावून झाल्यावरही ती तिथेच उभी राहिली. वरून होडीचं पोट, खाली बाप. दहाबारा चौकोन.

"काय झालाय गो तुला?" सखाराम हात न थांबवता म्हणाला. "आठ दिवस बघतोय. धड जेवत नायस. नंबर आला ना तुझा?"

"आला."

"मग तोंड कशाला पाडलंस? नंबर आलेल्या माणसाचा असा तोंड नसतो."

तिने मोबाईल काढला, स्क्रीनशॉट उघडून त्याच्यापुढे धरला. का धरला, ते तिला सांगता आलं नसतं. सखारामने हात लुंगीला पुसले, डोळे बारीक केले, मोबाईल लांब धरला, जवळ आणला.

"ह्यो अहमद!" तो म्हणाला.

"कोण?"

"अहमद गो, मोहल्ल्यातला. पलीकडं त्याची व्हडी असायची, आपल्या बाजूलाच. निळी, पिवळा पट्टा. डावा पाय असा लांब टाकून बसायचा, गुडघा दुमडायचा नाय त्याचा." सखारामने चित्रातल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. तो एक चौकोन बाकीच्यांपासून जरा डावीकडे होता. ईशाला तो बोट चुकून लागून पडलाय असं वाटलं होतं. "तीन वर्षं झाली त्याला जाऊन. पोरगा तिकडं अडकलेला. सुट्टी मिळाली नाय, मातीला पण येऊ शकला नाय. त्यानं काढलं काय ह्या?"

"हो."

"हात चांगला हाय पोराचा," सखाराम म्हणाला. मग त्याने मोबाईल तिच्या हातात परत दिला. "त्याला कळव. म्हणावं सखारामकाकानं पाठीवरून वळखला. बरा वाटंल पोराला."

ईशा मान हलवून घरी गेली आणि मागच्या पडवीत बसून रडली. तिने एका माणसाची होडी सरळ केली नव्हती. तिने त्याच्या बापाला त्याच्याच आठवणीतून उठवून लावलं होतं, आणि वर त्याच्याकडून आभार घेतले होते. पोराला दफनाला येता आलं नव्हतं, म्हणून त्याने बापाला बोटाने चिखलात बसवलं होतं, एकेक चौकोन मोजून. आणि आता तो चित्रातला अहमद सगळ्या जगात फक्त तिच्या मोबाईलमध्ये उरला होता. तो परत करायचा, तर आपण तो ठेवून का घेतला हेही सांगावं लागणार होतं.

संध्याकाळपर्यंत तिने सात वेळा लिहून सात वेळा पुसलं. शेवटी दिवेलागणीला, फहादला एकट्याला नव्हे, सगळ्यांसमोर लिहिलं:

'फहाद यांच्या चित्राबद्दल मी खोटं लिहिलं होतं. पूर्णगडला होडी अशीच कलती करतात आणि माणूस तसाच खाली बसतो. मला माहीत होतं. त्यांचं चित्र माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून मी तसं लिहिलं. मूळ चित्र आवडलं म्हणून ठेवलं होतं, ते सोबत जोडत आहे. माझे वडील सखाराम मयेकर यांनी अहमदकाकांना पाठीवरून ओळखलं. डाव्या पायावरून. मला माफ करा.'

सांगलीकराने लिहिलं, हे सांगायलाही हिंमत लागते. नागपूरच्या बाईंनी हात जोडले. पुण्याच्या मुलांनी कळवलं, की झालं ते वाईट, पण ईशाचं चित्र ईशानेच काढलं आहे, तेव्हा निवड कायम राहील. ते वाचून ईशाला हलकं वाटलं. आणि हलकं वाटलं म्हणून पुन्हा लाज वाटली. कारण 'आवडलं म्हणून ठेवलं' हे अर्धंच खरं होतं. पाण्याचं तिने लिहिलं नव्हतं. लिहिताना बोट तिथवर गेलं होतं आणि परत फिरलं होतं. तीनच तर रंग, रंग काय कुणाच्या मालकीचे असतात, असं तिने मनाला समजावलं. मनाला समजावणं तिला आताशा बरं जमू लागलं होतं.

फहाद चार दिवस गप्प होता. ईशा दुकानात लग्नपत्रिकेतल्या नवऱ्याचं आडनाव चुकवून बसली आणि मालकाची बोलणी खाल्ली. दर अर्ध्या तासाने ती ग्रुप उघडून बघायची. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. शिव्यांना उत्तर देता आलं नाही तरी निदान मान खाली घालता येते.

पाचव्या दिवशी एसटी सुटता सुटता त्याचं चित्र पुन्हा आलं. तेच, मूळचं. कललेली होडी, खाली पाय लांब टाकून बसलेले अहमदकाका. खाली लिहिलं होतं: 'आमच्या पूर्णगडची खाडी. आठवणीतून. अम्मीला दाखवलं. सखारामकाकांना माझा सलाम सांगा.' ईशाबद्दल अक्षर नाही.

तिला वाटलं, सुटले. मग नियम आठवला. चित्र टाकायचं तर आधी दोन अभिप्राय. फहाद नियमाचा पक्का माणूस, त्याने दोन दिलेच असणार. पहिला त्याने सांगलीकराच्या देवळावर दिला होता. दुसरा ईशाच्या बंदराखाली होता, निवडल्या गेलेल्या चित्राखाली, सगळ्यांना दिसेल असा.

'ताई, किल्ला फार छान आला आहे. बुरुजाची मोडकी बाजू बरोबर त्याच जागी आहे, ती बघून मी खूप वेळ थांबलो. एकच गोष्ट सांगतो. तुमच्या होड्या सगळ्या सरळ उभ्या, तरंगत्या आहेत. म्हणजे वेळ भरतीची. भरतीला आपल्या खाडीत चिखल दिसत नाही आणि ती चकाकती रेघही दिसत नाही, पाणी निळं होऊन धक्क्याच्या पायरीला लागतं. तुम्ही रोज बघता. तुमच्या चित्रातलं पाणी ओहोटीचं आहे. ते माझ्या चित्रातलं आहे.'

एवढंच. रागाचा एक शब्द नव्हता. नियमात सांगितल्याप्रमाणे आधी काय जमलंय, मग काय बिघडलंय, कारणासकट.

ईशा बघत राहिली. चार महिने तिने ह्या चित्रावर घालवले होते, आयुष्यभर खाडीच्या काठावर राहिली होती, आणि भरतीच्या होड्यांखाली ओहोटीचं पाणी ओतलेलं तिला दिसलं नव्हतं. पुण्याच्या मुलांना ते अप्रतिम वाटलं होतं. सहा वर्षं लांब असलेल्या माणसाला ते एका नजरेत दिसलं.

एसटी पावसच्या वळणाला लागली होती. तिने आधी पुण्याच्या मुलांना लिहिलं, की माझं चित्र काढून घ्या आणि शक्य असेल तर फहादचं लावा, नावासकट. मग ती फहादच्या अभिप्रायाखाली आली. माफीची वाक्यं तिला आता बरीच पाठ झाली होती, त्यातलं एकही तिने लिहिलं नाही.

तिने लिहिलं, 'बरोबर आहे. पाणी तुमचंच आहे.' आणि ह्या वेळी पुसलं नाही.