गवंडीणबाईंचा पाय

नव्या गेमची जाहिरात संपली तरी सासूबाई काही बोलल्या नाहीत, आणि सुनेला धास्ती वाटली ती त्याचीच. रागावल्या की सासूबाई बोलायच्या, फार रागावल्या की गप्प व्हायच्या.

"पुन्हा लाव," त्या शेवटी म्हणाल्या.

सुनेने पुन्हा लावली. पडद्यावर एक सडसडीत तरुणी दोन्ही हातांत तलवारी घेऊन छपरांवरून उड्या मारत होती. माणसं कापताना मध्येच वळून विनोदही करत होती. एका दरीच्या काठाशी येऊन तिने हवेत बोट फिरवलं, तिथे निळं दार उघडलं आणि ती पलीकडच्या काठावर. खाली अक्षरं उमटली : ती परत येतेय.

"कोण परत येतेय?" सासूबाईंनी विचारलं. "ही कोण बया?"

"आई, ही आपली गवंडीणबाईच आहे म्हणे."

"मग हिचा पाय कधी बरा झाला?"

सुनेलाही तोच प्रश्न पडला होता.

या दोघींचं सूत जुळलं तेच मुळी गवंडीणबाईंमुळे. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, निवृत्त झाल्यावर मुलाकडे राहायला आल्या. सून दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवायची. दोघींमध्ये वैर नव्हतं, पण बोलणं 'दार लाव' आणि 'पाणी गेलं का' याच्या पुढे सरकत नव्हतं. मग सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. हाड जुळलं, चाल मात्र लंगडी राहिली ती राहिलीच. अंथरुणावर पडून त्या सगळ्या घरावर खार खात होत्या. अशाच एका दुपारी सून बाहेरच्या खोलीत आपला गेम खेळत होती, तर आतून आवाज आला, "अगं, मागून येतोय तो. डावीकडे बघ."

उघड्या दारातून त्या कितीतरी दिवस पाहत होत्या.

त्या गेममध्ये एक पन्नाशीची गवंडीण होती. कानाजवळचे केस पांढरे, बांधा रुंद, हातात घण. लढाईने उद्ध्वस्त झालेल्या मुलखात ती पडलेले पूल पुन्हा बांधत हिंडायची. वाटेत लुटारू आडवे यायचे. घण उचलायलाच वेळ लागायचा, त्यामुळे उगाच हात चालवून भागत नसे, आधी डोकं चालवावं लागे. मनात आलं तर लुटारूशी बोलताही यायचं, आणि नीट बोललात तर त्यातलाच एखादा पुढे दगड वाहायला यायचा. अगदी सुरुवातीच्या पुलावर कमान कोसळते. खाली पोरं अडकलेली असतात. गवंडीण ती कमान खांद्यावर पेलून धरते, पोरं निसटतात, तिचा पाय मात्र चिरडतो. तिथून शेवटपर्यंत ती लंगडते. पळून जायची सोयच नाही.

"पळता येत नाही ना, मग उभं राहायचं," सासूबाई म्हणाल्या होत्या. "बरोबर केलंय."

हळूहळू कंट्रोलर त्यांच्याच हातात राहू लागला. एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर बोटं चाललेली, ती इथेही चालली. सून शेजारी बसून वाटा सांगायची. दोघींनी सगळे पूल बांधले, पुन्हा पहिल्यापासून बांधले, आणि मग दुसरा भाग येणार म्हणून डोळे लावून बसल्या. तो आला तो असा.

शहरातल्या मोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात नव्या भागाची झलक दाखवणार होते, कंपनीची माणसंही येणार होती. सासूबाईंनी जायचंच म्हणून धरून ठेवलं.

"आई, एका कार्टूनपायी एवढं?" लिफ्ट दुरुस्त करणारा त्यांचा मुलगा म्हणाला.

"तुझ्या लिफ्टमध्ये उद्या कुणी दोरच नाही बसवला, तर जाशील ना विचारायला? मग. गाडी काढ."

दुकानात कॉलेजची पोरं दाटीवाटीने उभी होती. सासूबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि खेळून पाहिलं. तलवारी सपासप चालत होत्या. लुटारूशी बोलायचं बटण शोधलं तर ते नव्हतंच. मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. समोर कंपनीचा प्रवक्ता होता, कडक इस्त्रीचा, सतत हसणारा. शेजारी एक किडकिडीत मुलगी होती. नायिकेची चाल हिने बसवली, अशी त्याने तिची ओळख करून दिली. माइक फिरत फिरत सासूबाईंकडे आला. तो हातात येताच त्यांचा जुना आवाज परत आला, सपाट, स्वच्छ, कुठल्याही गोंगाटातून आरपार जाणारा.

"हिचा पाय कधी बरा झाला?"

पोरं हसली. प्रवक्ताही हसला. "छान प्रश्न, आजी. आम्ही खेळाडूंचा अभ्यास केला. लोकांना ती संथ वाटत होती, म्हणून आम्ही तिला मोकळं केलं."

"मोकळं केलंत."

"हो."

"कमान पेलताना तिचा पाय गेला. पाय गेलाच नसेल, तर कमानही पडली नाही म्हणायचं का? मग ती पोरं कुणी वाचवली?"

आता कुणी हसलं नाही. प्रवक्त्याने पाण्याचा घोट घेतला. "नव्या कथेत तो भाग आम्ही जरा हलका केलाय, आजी."

"हलका. बरं. आणि मला आजी म्हणू नका, आपली ओळख नाही."

मागून टाळ्या पडल्या. सुनेला इतकं बरं वाटलं की तिने घरी पोहोचेपर्यंत नवऱ्याला दहादा तेच ऐकवलं. नव्याला जुन्याशी जुळवायचं काम तर ती लॅबमध्ये रोजच करत होती. नवा दात शेजारच्या दातांइतकाच पिवळसर करायचा, त्यांच्या झिजेला जुळवून घ्यायचा, तेव्हा तो त्या तोंडातला वाटतो. पांढराशुभ्र बसवला की हसताना तेवढाच चमकतो आणि माणूस परका दिसायला लागतो. या लोकांनी अख्खी बाईच पांढरीशुभ्र करून ठेवली होती.

तो प्रसंग कुणीतरी मोबाइलवर टिपला होता. बघता बघता तो सगळीकडे पसरला. अनोळखी लोक सासूबाईंचा फोटो लावून लिहू लागले, आमचा पाय आम्हाला परत द्या. लॅबमधल्या बायकांनी सुनेला गराडा घातला. सुरुवातीला तिला मजा वाटली. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ती वाचत बसली आणि तिने डबा बाजूला सारला. लोकांनी प्रवक्त्याला सोडून दिलं होतं आणि त्या किडकिडीत मुलीला धरलं होतं. तिचा फोटो शोधून काढला होता. तिच्या दिसण्यावर, तिच्या आईबापांवर वाटेल ते लिहिलं होतं. त्यातल्या कित्येक मजकुरांवर सासूबाईंचा चेहरा चिकटवलेला होता आणि त्याखाली वाक्य : आजीचा हुकूम आहे, हिला हाकला.

हे सासूबाईंना दाखवावं की नाही, या विचारात तिने दोन दिवस काढले. शेवटी चहा घेताना तिने फोन त्यांच्यापुढे ठेवला. सासूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. एकही ओळ गाळली नाही.

"हे माझ्या तोंडाखाली लिहिलंय," त्या म्हणाल्या.

"लोकांना राग आलाय, आई."

"मला नाही आला?" त्यांनी कप खाली ठेवला. "एक्स्चेंजमध्ये लाइन तुटली की लोक शिव्या घालायचे. कुणाला? लाइन मी तोडलेली नसायची, पण त्यांच्या कानात मीच असायचे ना. तोडणारा वर पंख्याखाली बसलेला. त्याच्यापर्यंत कुणाचा आवाज कधी गेला नाही. या पोरीच्या बाबतीत तेच चाललंय, आणि तेही माझं नाव घेऊन. लाव तो कॅमेरा."

सुनेने खिडकीपाशी खुर्ची ठेवली. सासूबाईंनी केस विंचरले आणि एका दमात बोलल्या. "पाय काढला हे वाईट केलं, असं मी अजूनही म्हणते. ज्यांनी ठरवलं त्यांना विचारा, मीही विचारते आहे. पण त्या मुलीला जे कुणी घाणेरडं लिहिताय, त्यांनी माझा फोटो काढून टाकावा. मी तुमची आजी नाही आणि तुम्ही माझे कुणी नाही. तुम्ही बोलायचं बटण असलेला खेळ खेळलात ना? त्यातून एवढंच शिकलात?"

काहींनी फोटो काढून टाकले. पण बरेच जण उलटले. म्हातारी कंपनीला विकली गेली, असं लिहू लागले. ते वाचून सून संतापली. कालपर्यंत याच लोकांनी सासूबाईंना डोक्यावर घेतलं होतं.

"वाचू नकोस," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतः मात्र सगळं वाचत बसल्या.

त्या आठवड्यात त्या मुलीचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. तिने आभार मानले. मग जरा चाचरत म्हणाली, "पण खरं सांगू का, काकू? मला नवी चालही आवडते. मी मन लावून केलीय."

"केली असशील. मला नाही आवडली."

"चालेल," मुलगी म्हणाली, आणि दोघीही हसल्या. सुनेला मात्र हसू आलं नाही. तिला वाटलं होतं, पोरगी रडेल, वरच्यांची नावं घेईल.

त्यानंतर प्रवक्त्याचा फोन आला. त्याला आजींचा चेहरा हवा होता. नव्या भागात नायिकेसाठी विकत घेण्याचे पोशाख होते, त्यात एक 'रागीट आजी' ठेवायचा विचार होता. काठीसकट.

"म्हणजे ती पोरगी माझा चेहरा लावून उड्या मारणार?"

"हो ना. लोकांना फार आवडेल."

"काठी कशाला मग? तिला तर लंगडायचं नाही."

"गंमत म्हणून," तो म्हणाला.

सासूबाईंनी फोन ठेवला. आदळला नाही, अगदी एक्स्चेंजच्या शिस्तीत ठेवला. पण त्यांचे कान लाल झाले होते.

पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं : चाहत्यांच्या भावनांचा आदर राखून 'अस्सल चाल' उपलब्ध करून देत आहोत. ती मूळ खेळात नाही, वेगळी विकत घ्यायची.

"लंगडणं विकायला काढलं," सासूबाई सुनेला म्हणाल्या. "मला तर ते फुकट मिळालं होतं."

दोघींनी ठरवलं, या गेमला घरात पाय ठेवू द्यायचा नाही. तो बाजारात आला त्या संध्याकाळी मुलगा कामावरून परतला तो हातात गेमची डबी घेऊनच. बिचाऱ्याला वाटलं, दोघी खूश होतील.

"परत करून ये," आई म्हणाली.

"फोडलाय मी. आता घेत नाहीत."

"फोडलास कशाला?"

जेवण झाल्यावर, एवढे पैसे वाया कशाला घालवायचे म्हणत, आजवर कंट्रोलरला हात न लावलेला तो माणूस स्वतःच खेळायला बसला. दोघी मागे सोफ्यावर तोंड फिरवून बसल्या. थोड्याच वेळात तो रंगून गेला.

"बघ, किती सोपं आहे," दरीपाशी येऊन तो म्हणाला. निळं दार उघडलं, तो पलीकडे.

"तिथे पूल होता," सून म्हणाली.

"कुठे? दिसत नाही."

"आम्ही बांधला होता. तीन कमानींचा. मधली दोनदा पडली."

"डावीकडच्या दगडांना चुना पुरला नव्हता म्हणून पडली," सासूबाई म्हणाल्या. "शेवटी तो दाढीवाला लुटारू चुना घेऊन आला."

"लुटारू? तो तर मी आत्ताच मारला."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग काठी घेऊन उठल्या, मुलापुढून मुद्दाम पडदा अडवत सावकाश गेल्या आणि चपला घालू लागल्या.

"कुठे निघालीस, आई?"

"फिरायला. इथे बसून माझं डोकं फिरेल."

सूनही उठली. खाली रस्त्यावर दिवे लागायचे होते. सासूबाई नेहमीसारख्या एका बाजूला झुकत चालल्या होत्या आणि त्यांचं बोलणं थांबत नव्हतं.

"दाढीवाल्याला मारलं. नाव तरी विचारायचं त्याचं."

"बटणच नाहीये, आई."

"तेच म्हणतेय मी. बटणच ठेवलं नाही. उद्या त्या प्रवक्त्याला फोन लाव, मला त्याच्याशी बोलायचंय."

"तो उचलणार नाही."

"उचलेपर्यंत लाव," सासूबाई म्हणाल्या. "लाइन कशी धरून ठेवायची ते मला येतं."