यंदा काकांचा नंबर

कंपनी एवढी मोठी, की तिचा मालक कोण हे त्या चौघांपैकी कुणालाच धड ठाऊक नव्हतं. लांबच्या कुठल्याशा देशातून हुकूम निघत आणि इथे पडद्यावर उमटत. पण पगार ठरल्या तारखेला व्हायचा, ऐन उन्हाळ्यात अंगावर गार वारा, आणि कंपनीचं नुसतं नाव सांगितलं की बँकेतला साहेब खुर्ची पुढे करायचा. शिवाय घरच्या माणसाच्या दुखण्याचा सगळा भार विम्यावर. आणखी काय हवं माणसाला, असं चौघांतले वयाने मोठे काका म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे.

यंत्रांच्या खोक्यात जी माहितीपत्रकं असतात, ती ही चौघं तयार करत. कुठला स्क्रू आधी, कुठली नळी कुठे. चित्रं काकांची. त्यांतला स्क्रू पिळणारा लांब बोटांचा हात काकूंचा. लग्न नवं होतं तेव्हा समोर बसवून काढलेला. नावंही ठाऊक नसलेल्या गावांतल्या बाया त्या हाताकडे बघत बघत आपली यंत्रं जोडत. खरा हात आता दिवसाआड डायलिसिसच्या खाटेवर पडलेला असायचा, सुयांनी काळानिळा. त्या खाटेचं बिल कंपनीचा विमा भरायचा.

गटाची प्रमुख होती ताई. तिच्या वाट्याला एकच नकोसं काम होतं. दरवर्षी चौघांतल्या एकाला तळाचा शेरा द्यावा लागे. काम कितीही चोख असो, तळाला कुणीतरी हवंच, हा वरचा नियम. तिथे प्रमुखाचं नाव घातलं तरी चाले. ताईने त्यावर तोड काढली आणि नंबर लावून टाकले. एका वर्षी वकील तळाला, एका वर्षी पाहुणी, गेल्या वर्षी ताई स्वतः. वकील म्हणजे भागांचे आकडे तपासणारा, आकड्यांशीही वाद घालील असा. पाहुणी मजकूर लिहायची. ती सगळ्यांत शेवटी आली होती, आणि येऊन वर्षं लोटली तरी पाहुणीच राहिली होती. ज्याचा नंबर त्याची पगारवाढ बुडायची. मग बाकीचे वर्षभर त्याची किचकट कामं उचलत, संध्याकाळी त्याला लवकर घरी पिटाळत. तळाच्याचे असे लाड व्हायचे, की वकील कुरकुरायचा, मला पुन्हा खाली घ्या, वर राहून कंटाळलो. काकांचा नंबर मागे एकदा आला होता, पण काकूंचं दुखणं तेव्हा नुकतंच निघालं होतं, म्हणून सगळ्यांनी त्यांना वगळलं होतं.

यंदा काकांचा नंबर.

सकाळी लांबच्या देशातली साहेबीण पडद्यावर आली. हसरी बाई, मागे फुलदाणी. ताईच्या लेकीची तिने आठवणीने चौकशी केली आणि मग सांगितलं, की खर्च आवरायचाय, तेव्हा या वर्षी तळाचा माणूस जाईल. महिनाअखेर पगार बंद, विमा बंद. नाव दुपारपर्यंत कळवा, आणि तोवर कुठे बोलू नका.

ताईचा नवरा घरी बसलेला, घराचे हप्ते तिच्या एकटीच्या पगारावर. ती बराच वेळ नळ सोडून वाहतं पाणी बघत उभी राहिली. मग तिला वाटलं, आपण चौघं इतकी वर्षं एका जिवाने राहिलो, हे एकटीने गिळायचं कशाला? तिने तिघांना छोट्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं.

वकील उसळेल, अशी तिची खात्री होती. तो खिडकीबाहेर बघत राहिला. पाहुणीचा हात पोटावर गेला. तिला दिवस गेलेत हे तिने माहेरच्यांच्याही आधी या तिघांना सांगितलं होतं. छतातून गार वारा तेवढा घरघरत राहिला.

"एवढा कसला विचार करताय?" काका म्हणाले. "नंबर माझा आहे."

"काका, पण काकू..."

"एकदा सोडलंत मला. किती वेळा सोडाल?"

ताईने वाट पाहिली. एकाने तरी म्हणावं, नाही, आपण भांडू, तळाला कुणीच नाही असं कळवू. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि ते तिच्या. माझं नाव घालते, हे शब्द तिच्या घशापर्यंत आले. तिथे तिला लेकीचं झोपेतलं तोंड दिसलं, आणि शब्द तिथेच खाली बसले. काका बोलले तेव्हा आपला जीव भांड्यात पडला, हे तिला आत्ता कळलं. तिघांचाही पडला होता, आणि तिघांनीही तो पडताना ऐकला होता.

कुणालाच वाईट व्हावं लागलं नाही. नंबर आधीच लागलेला होता, आणि तो तिनेच लावला होता, मायेने.

दुपारी तिने नाव कळवलं. आभाराचं उत्तर लगेच आलं.

महिनाअखेरीला अजून अवकाश होता, तरी काका खण आवरू लागले. चांगल्या पेन्सिली त्यांनी पाहुणीच्या टेबलावर ठेवल्या. जाता जाता ताईपाशी थांबले, म्हणाले, काकूला एवढ्यात काही कळू देऊ नकोस, ती फार गुण गाते कंपनीचे.

ते वळले, तोच वकील खुर्ची ओढून ताईजवळ बसला. त्याचे डोळे लाल होते. हा आता रडणार, असं वाटून तिने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"ताई, बोलू नये, पण पुढच्या वर्षी आपण तिघंच," तो अगदी हळू म्हणाला. "पाहुणीने मागच्या एका पत्रकात दोन नळ्या उलट लिहिल्या होत्या. मी गुपचूप सुधारल्या. आता तर ती रजेवरही जाईल. तुमच्या कानावर असावं, म्हणून सांगितलं."

कालचा दिवस असता तर ताईने त्याचा कान पिळून त्याला जागेवर धाडलं असतं. पलीकडे पाहुणी मान खाली घालून लिहीत होती. पेन्सिलींना तिने अजून हात लावला नव्हता.

ताईनेही आवाज खाली आणला.

"कुठल्या पत्रकात?"